गोठलेलें पुरण

परमुलखांत बिऱ्हाड करून राहणाऱ्या माणसाला बाजारांतील नव्या दुकानाची वार्ता वर्तमानपत्रांतून कळत नाहीं. ती घरांतलीं मुलें शाळेच्या वाटेवरून घेऊन येतात. आमच्या नऊ वर्षांच्या कन्येनें गेल्या श्रावणाच्या आरंभीं अशीच एक वार्ता आणली. "बाबा, बाजारांत जुन्या गारेगारचें नवें दुकान निघालें आहे!" हें ऐकून आमच्या आईनें वाती वळावयाचें थांबविलें आणि विचारलें, "जुनें म्हणजे किती दिवसांचें ग?"

प्रश्न साधा होता. पण पुढें जें जें घडलें तें या प्रश्नाच्या पोटांतूनच निघालें, म्हणून तो आरंभींच नोंदून ठेवितों.

आमचें बिऱ्हाड टोकियो शहराच्या पूर्वेस एदोगावा विभागांत, निशि-कासाई स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इ. स. २००० च्या आगेंमागें संगणकाच्या कामासाठीं आपल्याकडील तरुण मंडळी या बाजूस येऊन राहूं लागली, आणि आज तेथें भारतीय कुटुंबांची अशी भरली वस्ती आहे कीं तुरीची डाळ, हिंग, पोहे, गूळ यांपैकीं कशावांचूनही अडत नाहीं. वडिलांचें वर्षश्राद्ध आटोपल्यावर आम्हीं आईला आग्रहानें येथें आणलें. आणलें खरें, पण ठेवून घेणें आमच्या हातीं नव्हतें. भेटीस येणाऱ्या आप्तांस या देशांत फार तर ९० दिवस राहतां येतें. नोकरीसाठीं आलेल्या परदेशी माणसानें आईबापांस कायमचें जवळ ठेवावें, अशी सोय येथील कायद्यांत सहसा नाहीं. त्यामुळें आई आली त्या दिवसापासूनच आम्ही तिचे दिवस मोजूं लागलों होतों.

त्यांतील ४० दिवस संपले होते, आणि तेवढ्या अवधींत तिनें घराबाहेरच्या अन्नाचा कणही तोंडांत घातला नव्हता. बागा झाल्या, देवळें झालीं, सुमिदा नदीवर नावेची सफर झाली. पण प्रत्येक ठिकाणीं तिच्या पिशवींत घरचा डबा असे आणि तहान लागली तरी घरचेंच पाणी. तक्रार मात्र एका शब्दाची नाहीं. सुनेला बोल नाहीं, मुलाला उपदेश नाहीं. वडिलांविषयींही ती अक्षर काढीत नसे. ज्या घरांत तिनें वडिलांशीं वाद घालण्यांत पन्नास वर्षें सुखानें घालविलीं, त्या घराचा उल्लेखही ती 'तिकडे' एवढ्या एकाच शब्दांत आटपी. ज्यांच्या घरांत वडीलधारें माणूस आहे, त्या वाचकांस हें मौन किती जड असतें तें सांगावयास नको.

तो दिवस श्रावणांतला शुक्रवार होता. श्रावणी शुक्रवारीं आमच्या घरीं जिवतीला पुरणाचा नैवेद्य असतो. सौ.नीं सकाळींच हरभऱ्याची डाळ शिजत ठेवली. तेवढ्यांत कचेरीचें कांहीं तांतडीचें काम संगणकावर उपटलें आणि डाळ बुडाला लागून करपली. नैवेद्य शिऱ्यावर भागवावा लागला. आई कांहीं बोलली नाहीं, आणि म्हणूनच घरांतली हवा बाहेरच्या ३५ अंशांहून अधिक तापली. अशा वेळीं कन्येनें पुन्हां त्या दुकानाचें नांव काढलें, तेव्हां आम्हीं तें मुकाट्यानें उचलून धरलें. निदान घराबाहेर तरी पडतां येईल, एवढाच त्यांतला हिशेब.

आपल्याकडील तुळशीबागेसारखी एखादी गल्ली दोन्ही अंगांच्या दुकानांसकट लांबवर जावी, तशा बाजाराला जपानी लोक 'शोतेन्गाई' म्हणतात. मोठ्या भांडारांच्या स्पर्धेनें आणि दुकानदारांच्या वयोमानानें अशा पुष्कळ गल्ल्यांतून आतां उघड्या दुकानांपेक्षां खालीं ओढलेले पत्रेच अधिक दिसतात. आमच्या गल्लींतही तेंच चाललें आहे. त्यामुळें एक पत्रा वर गेला ही गोष्ट साऱ्या आळीच्या कौतुकाची झाली होती. दुकानावर निळ्या लाटा काढलेलें पांढरें फडकें लोंबत होतें आणि त्यावर तांबड्या रंगांत 'बर्फ' या अर्थाचें एकच ठसठशीत अक्षर. किसलेला बर्फ मिळतो याची ही या देशांतली जुनी खूण आहे. आंत सरकत्या कांचेचे दोन लांबट फ्रीझर, एक बांक आणि मालक. मालक पासष्टीचे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं आपल्या लहानपणच्या जेवढ्या गोठलेल्या जिनसा अजून निघतात तेवढ्या गोळा करून हें दुकान थाटलें. सारा माल जुना. नवा काय तो दुकानदार.

बर्फाचें वेड या देशाला आजकालचें नव्हे. इ. स. १००० च्या सुमारास राणीच्या पदरीं असलेली सेइ शोनागोन ही लेखिका 'माकुरा नो सोशि' या आपल्या ग्रंथांत उच्च अभिरुचीच्या वस्तूंची गणना करितांना, वेलीच्या रसाचा गोड पाक घालून नव्या धातूच्या वाटींत ठेवलेल्या किसलेल्या बर्फाचेंही नांव घेते. म्हणजे ज्ञानेश्वर जन्मले त्याच्या पावणेतीनशें वर्षें आधीं येथें बर्फाचा गोळा होता. मात्र तो राजवाड्यांत होता. रस्त्यावर यावयास त्याला एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. योकोहामा बंदर परकीयांस खुलें झालें, तेव्हां तेथल्या युरोपियनांसाठीं बर्फ अमेरिकेंतील बोस्टनहून गलबतांत भरून, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून येई. त्याच बोस्टनचा बर्फ त्याआधीं १८३३ सालीं कलकत्त्यास आणि १८३४ सालीं मुंबईस उतरला होता. जमशेटजी जिजीभाईंनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें आणि पाहुण्यांस पडसें झालें, ही तेव्हांची गोष्ट मुंबईकर अजून सांगतात. आपण पडसें सोसून गप्प बसलों. जपानांत मात्र नाकागावा काहेइ नांवाच्या गृहस्थानें परदेशी बर्फ हटविण्याचा ध्यास घेतला. फूजीच्या पायथ्यापासून ठिकठिकाणीं त्यानें पैसा बुडविला, आणि शेवटीं उत्तरेकडे हाकोदाते येथील किल्ल्याच्या खंदकांत गोठणारा बर्फ जहाजानें आणून बोस्टनचा बर्फ बाजारांतून उठविला. त्याच सुमारास, १८६९ सालीं, माचिदा फुसाझो यानें योकोहामाच्या बाशामिचि रस्त्यावर आइस्क्रीम विकावयास आरंभ केला. नांव 'आइसुकुरिन', किंमत सामान्य माणसानें नुसती ऐकावी एवढी.

पण आमच्या कन्येला इतिहासाशीं कर्तव्य नव्हतें. तिनें फ्रीझरांत कोपरापर्यंत हात घालून एक निळी कांडी उचलली. हिचें नांव 'गारीगारी-कुन्'. दांतांनीं बर्फ फोडतांना जो आवाज होतो, त्याला जपानी भाषेंत 'गारीगारी' म्हणतात, आणि 'कुन्' हा मुलग्यांच्या नांवापुढें लाडानें लावावयाचा शब्द. आमच्या लहानपणीं पुण्याच्या पेठांतून हातगाडीवर लांकडी पेटी घेऊन फिरणारा माणूस दुपारच्या शांततेंत 'गारेगाऽऽर' अशी हांक देई, आणि ती ऐकून वाड्यांतलीं पोरें निजलेल्या वडिलांच्या कोटाच्या खिशाकडे वळत. या दोन शब्दांचा एकमेकांशीं कांहींएक संबंध नाहीं, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. तरी कन्या 'गारीगारी' म्हणाली कीं आमच्या कानांत तो हातगाडीवालाच ओरडतो.

ही कांडी साइतामा प्रांतांतील आकागि कंपनीनें १९८१ सालीं काढली. वाटींतून चमच्यानें खावयाचा किसलेला बर्फ मुलांस खेळतां खेळतां एका हातांत धरून खातां यावा, ही मूळ कल्पना. नुसता किसलेला बर्फ काडीला धरेना. तो भुसभुशीत होऊन गळून पडे. तेव्हां बाहेरून घट्ट गोठविलेल्या सरबताचें पातळ कवच आणि आंत किसलेला बर्फ, अशी करंजीसारखी युक्ति काढली, आणि ती चालली. आरंभीं किंमत ५० येन, १९९१ पासून ६० येन. पुढें २५ वर्षें ती तशीच ठेवून २०१६ सालीं १० येन वाढविले, तेव्हां कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं आणि कामगारांनीं कारखान्यासमोर रांगेनें उभें राहून कमरेंत वांकून लोकांची क्षमा मागितली, आणि तें दृश्य दूरचित्रवाणीवर जाहिरात म्हणून दाखविलें. २०२४ सालीं ती ८० येनांची झाली. आपल्याकडे दुधाचा भाव चढतो तेव्हां कोणी वांकल्याचें निदान आम्हांस तरी स्मरत नाहीं. मात्र याच सज्जन कंपनीनें २०१४ सालीं टोमॅटो घातलेल्या इटालियन शेवयांच्या चवीची कांडी काढली होती, आणि तींत जवळजवळ ३० कोटी येन घालविले. तो तोटा न्यायाचाच झाला असें आम्ही समजतों.

आईनें निळ्या कांडीकडे पाहून मान फिरविली. "निळ्या रंगाचें खाण्याचें कांहीं देवानें केलेलें नाहीं," ती म्हणाली.

सौ.नीं 'युकिमि दाइफुकु' घेतलें. चिकट तांदळाच्या उकडीचें मऊ पातळ आवरण आणि आंत आइस्क्रीमचा गोळा. एका डब्यांत दोन, सोबत टोंचून खावयास बारीक काटा. आपला उकडीचा मोदक कळी न काढतां गोल मिटावा तसें दिसतें. लोत्ते कंपनीचा हा जिन्नसही १९८१ चाच. उकड गोठून तिचा दगड कसा होत नाहीं, हें सौ.ना कोडें पडलें होतें. खुबी साखरेंत आहे: पिठांत गोडाचें प्रमाण असें बेतलेलें असतें कीं त्या थंडींतही उकड मऊ राहते. नांवाचा अर्थ, पडतें हिम पाहत खावयाचा दाइफुकु. आणि मूळचा बेत हिंवाळ्यांत ऊबदार खोलींत बसून खाण्याचा. चव बरी, पण मोदकाची आठवण करून देऊन मोदक न देणारी वस्तु किती आवडावी याला मर्यादा असते.

आमच्या वांट्याला आलें तें जाळीच्या पिशवींतलें गोठलेलें संत्रें. आमच्या मतें साऱ्या दुकानांत हाच जिन्नस विशेष प्रामाणिक. १९५५ सालीं ओदावारा स्थानकावर तो विकावयास सुरुवात झाली आणि आगगाडीच्या प्रवासाशीं त्याची गांठ पडली. कृति अगदीं सोपी: संत्रें अख्खें गोठवावें, मग थंड पाण्यांत बुडवून पुन्हां गोठवावें. त्यानें सालीवर बर्फाचा पातळ पापुद्रा चढतो आणि आंतला रस सुकत नाहीं. गाडींत बसल्यावर तें हातांत धरावें, साल सुटूं लागली कीं खावें, तोंवर चारदोन स्थानकें मागें पडलेलीं असावींत. गाड्यांच्या खिडक्या उघडत होत्या तोंपर्यंत त्याला मोठी मागणी होती. पुढें गाड्या आंतून थंड आणि वेगानें धांवणाऱ्या झाल्या, आणि संत्रें वितळेपर्यंत वाट पाहण्यास कोणाला सवड राहिली नाहीं. मालकांनीं सांगितलें कीं त्यांच्या लहानपणीं आजोळीं जाण्याचा वास म्हणजे याच सालीचा वास. असें म्हणून त्यांनीं एक संत्रें उचलून नाकाशीं धरलें आणि 'नात्सुकाशी' असा एक शब्द हळूच उच्चारला.

हा शब्द त्या दुकानांत आम्हीं तासाभरांत आठदहा वेळां ऐकला. कोणी कांडीचा पहिला घांस घेतला कीं 'नात्सुकाशी'. कोणी जुनें वेष्टण ओळखलें कीं 'नात्सुकाशी'. 'जुनी आठवण आली' एवढा त्याचा अर्थ नव्हे. पाळलेलें पांखरूं किंवा लहान मूल आपल्याला चिकटूं लागतें, त्याला जपानींत जें क्रियापद आहे त्यापासून हा शब्द झाला आहे. म्हणजे आपला 'लळा'. एकदां लळा लागलेली वस्तु पुष्कळ दिवसांनीं समोर आली कीं जें वाटतें, तें. इतका थोडक्यांत नेमका बसणारा शब्द आपल्याकडे नाहीं, हें मान्य करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

इकडे आईनें एक पाकीट उलटसुलट करून पाहिलें. "यावर तारीख कोठें आहे?" तारीख नव्हती. जपानांत अशा गोठलेल्या जिनसांवर तारीख छापण्याची सक्ती नाहीं. उणें १८ अंशांवर ठेविलेल्या पदार्थांत जंतूंची वाढ होत नाहीं, म्हणून कायद्यानेंच ती सूट दिली आहे. आम्हीं हें सर्व शास्त्र तिला समजावून सांगितलें. तिनें तें पुरतें ऐकून घेतलें आणि निकाल दिला, "म्हणजे किती शिळें तेंही कळावयाची सोय नाहीं."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आईच्या शास्त्रांत आइस्क्रीम होतें. नव्हतें असें नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत वाड्याच्या चौकांत लांकडी पॉट निघे. मधल्या डब्यांत आटीव दूध, भोंवतीं बर्फाचे तुकडे आणि खडेमीठ. चुलत-आते-मामे भावंडांनीं आळीपाळीनें दांडा फिरवावयाचा, शेवटीं तो फिरेनासा झाला कीं दांडग्या काकांनीं, आणि ज्या संध्याकाळीं झालें त्याच संध्याकाळीं तें संपवावयाचें. उद्यांसाठीं उरलें तर तें आइस्क्रीम नव्हे, दूध. वीस माणसांचें घर असल्याशिवाय तो पॉट फिरत नाहीं. आमच्या टोकियोच्या दोन खोल्यांत तो आणला तरी फिरविणार कोण?

इतक्यांत ऐंशीच्या घरांतल्या एक आजीबाई दुकानांत आल्या. पाठ वांकलेली, डोक्यावर कापडी टोपी, हातांत थंडावा टिकविणारी चंदेरी पिशवी. त्यांनीं इकडेतिकडे न पाहतां फ्रीझरच्या एका कोपऱ्यांतून दोन तपकिरी कांड्या काढल्या, पैसे मोजले आणि आमच्या आईच्या लुगड्याकडे पाहून वांकून नमस्कार केला. आईनेंही हात जोडले. बांकावर जागा होती, दोघी टेंकल्या. एकीला मराठी येत नव्हतें, दुसरीला जपानी येत नव्हतें, आणि मध्यें आमची कन्या दोन्ही बाजूंनीं बोलत होती.

"आजी, या म्हणतात, एक कांडी त्यांची आणि एक त्यांच्या यजमानांची."

"यजमान घरीं आहेत वाटतें?"

कन्या अडखळली. "घरीं आहेत… म्हणजे फोटोंत आहेत."

ओबोन तोंडावर आला होता. आपल्या पितृपक्षासारखे हे दिवस. बहुतेक ठिकाणीं ऑगस्टच्या मध्यावर येतात. गेलेलीं माणसें त्या दिवसांत घरीं येतात अशी भावना आहे, आणि घरांतील पितरांच्या देव्हाऱ्यापुढें त्यांच्या आवडीचे जिन्नस मांडतात. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करितात, तो पितरांनीं लवकर यावें म्हणून. आणि वांग्याची गाय करितात, ती त्यांनीं सावकाश परत जावें म्हणून.

आई थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "विचार त्यांना, फोटोपुढें ठेवीपर्यंत तें वितळून जात नाहीं का?"

आजीबाई तोंडावर हात धरून हांसल्या. "हें वितळत नाहीं. हें फार कठीण. हात जोडून, दिवसभराचें सगळें त्यांना सांगून होईपर्यंत तें माझ्या दांतांना झेपण्याइतकें होतें. नाहीं तर या वयांत मला तें खातांच यावयाचें नाहीं."

आई आमच्याकडे वळली. "हें नैवेद्याचें आहे," ती म्हणाली. जणूं आम्हींच तिच्यापासून लपवून ठेविलें होतें. "नैवेद्याला कोणी शिळें ठेवीत नाहीं. सूनबाई, वाच बघूं यांत काय काय आहे तें."

सौ.नीं पाकीट हातांत घेतलें. अंडें, दूध, गहूं असे जे पदार्थ कांहीं जणांस बाधतात ते या देशांत पाकिटावर स्पष्ट लिहावेच लागतात, म्हणून आमच्यासारख्यांची बरीच सोय होते. येथें मात्र शोधावें लागेल असें कांहींच नव्हतें. "साखर, आझुकि, पिठापासून केलेला पाक, मक्याचें सत्त्व आणि मीठ."

"आणखी?"

"आणखी कांहीं नाहीं, आई."

आझुकि म्हणजे मुगाच्याच कुळांतलें, पण तांबडें बारीक कडधान्य. जपानांत तें मंगल समजतात. शुभ प्रसंगीं तें घालून भात तांबडा करितात, आणि गोड करावयाचें झालें कीं तेंच शिजवून, साखर घालून आटवितात. पोळींत, गोळ्यांत, वड्यांत, जेथें आपण पुरण भरलें असतें तेथें ते हें भरतात. मिए प्रांतांतील इमुराया हें घराणें १८९६ पासून आझुकिच्या वड्या करीत आलें आहे. आझुकिचें गोड सार या लोकांच्या फार आवडीचें. तेंच काडीला लावून गोठवितां येईल, ही कल्पना त्यांनीं १९७३ सालीं अमलांत आणली. त्यांत हवा फार थोडी असते आणि मऊपणा आणणारें दुसरें कांहीं घातलेलें नसतें, म्हणून ती कांडी विटेसारखी घट्ट होते. दांत जपावेत, अशी सूचना कंपनीनें स्वतःच पाकिटावर छापली आहे.

मालकांनीं एक कांडी काढून आईच्या हातांत दिली. तिनें ती डोळ्यांस लावली, आजीबाईंनीं खूण केली त्याप्रमाणें कांहीं वेळ नुसती धरून ठेविली, आणि मग कडेचा तुकडा मोडून तोंडांत टाकला. आम्ही तिघेंही तिच्या तोंडाकडे पाहत होतों. तिनें तो विरघळूं दिला, दाणा दाढेखालीं चावला, आणि म्हणाली, "अरे, हें पुरण आहे."

"पुरणासारखें आहे," आम्ही म्हणालों.

"पुरणासारखें नव्हे, पुरण. वाटलेलें नाहीं एवढेंच. वेलदोडा नाहीं, जायफळ नाहीं, गूळ नाहीं. पण शिजविणाराला डाळ कळते." मग दुसरा तुकडा घेऊन ती कन्येला सांगूं लागली. "तुझ्या आजोबांना अगदीं असेंच लागे. पुरण यंत्रांतून काढावयाच्या आधीं, अर्धे दाणे आख्खे असतांना. मी यंत्र आणावयास माजघरांत वळलें कीं पातेल्यांत यांचा चमचा. नैवेद्य दाखविला नाहीं म्हणून मी ओरडावें, आणि यांनीं म्हणावें, 'मी चव पाहत होतों, देवाला अळणी जावयास नको.' पन्नास वर्षें दर शुक्रवारीं देवाची काळजी!" असें म्हणून ती हांसली, आणि हांसतां हांसतां तिनें पदर डोळ्यांना लावला.

वडील गेल्यापासून त्यांच्याविषयीं ती इतकी बोलल्याचें आम्हीं ऐकलें नव्हतें. आजीबाईंना शब्द कळले नसतील. त्यांनीं कांडीकडे बोट करून विचारलें, "नात्सुकाशी?"

कन्या आमच्याकडे पाहूं लागली. "बाबा, याला मराठींत काय म्हणूं?"

आम्हीं लळ्याची ती लांबलचक फोड आरंभिली. आईनें ती अर्ध्यावरच तोडली. "कळलें मला. त्यांना हो म्हणावें."

त्यानंतर बोलणें बराच वेळ चाललें. आजीबाईंचे यजमान बांधकामाच्या कामावर होते आणि घरीं येतांना दोन कांड्या आणीत. मात्र स्वतःची वाटेंतच संपवून बायकोच्या कांडीचा पहिला घांस मागत. यावर आईनें "सगळे सारखेच" असा शेरा मारला, आणि तो भाषांतराशिवाय पोंचला. आम्हीं दुसरें संत्रें सोलीत बसलों. सौ.नीं घरीं गेल्यावर पुन्हां डाळ शिजत घालण्याचा विषय काढला, तेव्हां आई म्हणाली, "आज नको. शुक्रवारचें पुरण झालें." संध्याकाळीं कन्येचें औक्षण करितांनाही ती दोन वेळां हांसली.

निळी कांडी संपल्यावर काडीवर अक्षरें उमटलेलीं दिसलीं, तशी कन्या बांकावरून उडालीच. 'आतारी', म्हणजे बक्षीस! गारीगारी-कुन्च्या कांहीं काड्यांवर हा शब्द छापलेला असे. ती काडी दुकानांत दिली कीं दुसरी कांडी फुकट मिळे. मालकांनीं फ्रीझरकडे हात केला. पण कन्येनें काडी धुवून पुसून आजीच्या हातांत ठेवली. "आजी, ही तुझ्याजवळ ठेव. पुढच्या खेपेला आलीस कीं आपण बदलून घेऊं." आजी निळें कांहीं खात नाहीं, हें तिच्या ध्यानांत राहिलें नव्हतें. आईच्याही राहिलें नसावें. तिनें काडी पिशवींतल्या पोथींत, वाचावयाच्या अध्यायाच्या खुणेला घातली.

राहिलेल्या ५० दिवसांत आम्ही त्या दुकानांत किती वेळां गेलों याचा हिशेब ठेविला नाहीं. संत्र्याचा निकाल मात्र आईनें शेवटपर्यंत बदलला नाहीं: फळ सोलून खावें, फोडून खाऊं नये. ८९ व्या दिवशीं विमानतळावर ती तपासणीच्या रांगेंत उभी राहिली, तेव्हां हातांतल्या पोथींतून काडीचें टोंक बाहेर आलेलें दिसत होतें.

गेल्या आठवड्यांत पुण्याहून तिचा फोन आला. बर्फाच्या साच्यांत पुरण घालून, काड्या खोंचून तिनें दोन दिवस फ्रीझरमध्यें ठेविलें होतें. शेजारच्या मुलांनीं तें आवडीनें खाल्लें. पण तिच्या मनासारखें झालें नाहीं. फार मऊ झालें. त्या दुकानदाराला नीट विचारून कळवा, असा निरोप आहे: पाणी किती ठेवावें, आणि दाणे कितपत अख्खे राहूं द्यावेत?